आक्काचा फोटो

फोटो स्टुडिओला भिंत लागून घर असलं, की किस्से गोळा करायला लागत न्हाईत. ते आपले आपण उंबरा ओलांडून येतात. गंगाखेडला आमची अन् नागनाथभाऊची भिंत एकच. त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकून मी माझं वरण उतरवायची!

भाऊचा समोर स्टुडिओ, मागं घर. अख्ख्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाजवळ स्वतःच्या आईचा, आक्काचा, एक फोटो नव्हता. आक्काच्या मालकांनी एकदा हौसेनं स्वतःचा फोटो काढून घेतला अन् महिन्याभरात गेले. तवापासून तिचं पक्कं : “फोटूनं आयुष्य कमी होतं!”

भाऊचं एकच, “उद्या तू गेल्यावर मी बघू काय?”

* * *

भाऊच्या पुतणीचं लग्न पोखर्णीला झालं. अल्बम आला, पण त्यात आक्का कुठं दिसेना. भाऊनं एकेका फोटोवर बोट ठेवलं.

“ही पाठ. हा पदर. अन् ही खांबामागं!”

मी गारच पडले. एवढ्या लग्नात बाई एकदाही समोरून सापडली न्हाई!

* * *

मग मीच मधे पडले. “आक्का, माझ्यासंगं बसा. दोघींचा काढू.”

आक्कानं मला खालवर न्याहाळलं. “तुला लय घाई झालीय का गं वर जायची?”

महिनाभर मीही स्टुडिओत पाय ठेवला न्हाई!

* * *

वालूरचा एक शेतकरी बैल घेऊन थेट स्टुडिओत! “ह्याच्यासंगं फोटू पायजे.”

बैलानं आधी पडद्यावरचं रंगवलेलं तळं चाटलं, मग पडदाच ओढून फाडला. भाऊ स्टुलावर चढून ओरडायला लागला. आक्का मागून आली, बाजूला उभं राहून वेसण धरली. बैल गप. क्लिक!

फोटो धुऊन आला, तर कडेला आक्काचा गोंदलेला हात!

“हात तरी आला!” भाऊनं फ्रेम करून भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, फ्रेमात बैल हाय, शेतकरी हाय, अन् हाताच्या जागी कात्रीनं पाडलेलं भोक!

* * *

भाऊ तरी कुठं ऐकतोय? फाटक्या पडद्यामागं कॅमेरा घेऊन लपला. आक्का समोर ज्वारी पाखडायलेली. कशी चाहूल लागली देव जाणे, सूप सुसाट आलं अन् लेन्स तडकली.

आक्का शांत. “बघ. काचंचं आयुष्य कमी झालं.”

* * *

अन् मग त्या उन्हाळ्यात आक्काला ताप भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी हलेना, बोलेना. नाकाशी कापूस धरला, तोही हलेना. घरात आकांत!

त्यांच्यात माणूस गेलं की आडवं ठेवत न्हाईत, भिंतीला टेकवून बसवतात. तसं बसवलं. कपाळाला विभूती, गळ्यात हार.

भाऊ रडत रडत कॅमेरा घेऊन आला. “आक्का, जित्तेपणी काढू दिला न्हाईस. आता तरी नको म्हणू नकोस गं.”

फ्लॅश लख्खकन् पडला.

आक्काला जोराचा ठसका लागला. डोळे उघडले!

बायका किंचाळत दाराकडं पळाल्या. आक्कानं आधी गळ्यातला हार बघितला, मग आमाला, मग कॅमेऱ्यामागच्या लेकाला.

“नाग्या,” ती म्हणाली, “आता गेलेच हाय, तर काढ बाबा किती काढायचे ते. पण आधी पदर नीट करू दे!”