विहिरीतला हंसराज

रेवदंड्याच्या आमच्या वाडीतल्या विहिरीत, पाण्याच्या हातभर वर, दगडांच्या सांध्यांत हंसराज उगवतो. नेच्याचीच जात ती. देठ काळा, चकचकीत, केसासारखा बारीक आणि त्याला नाजूक हिरवी पानं. मला त्यात कधी काही विशेष दिसलं नाही. बायकोला मात्र त्याचं भारी वेड. फाल्गुनात आंब्याला, करंजाला पालवी फुटली की लोक वर बघतात. ही बाई काठावर ओणवी होऊन खाली बघायची. गुंडाळलेली नवी पानं उलगडायला लागली की मला हाका सुरू. मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हो, छान" म्हणायचो.

त्याच सुमारास पाणी खाली जातं आणि आमच्याकडे विहीर उपसतात. गाळ काढतात, आतल्या भिंती कोयत्याने खरवडतात. त्या दिवशी ती काठावर ठाण मांडून बसायची आणि पूर्वेच्या बाजूला गड्यांना हात लावू द्यायची नाही.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली होती. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उपशाच्या दिवशी मी औषधांच्या गडबडीत होतो, असं मी स्वतःला समजावतो. खरं म्हणजे मला आठवणच राहिली नाही. संध्याकाळी गडी कौतुकाने म्हणाला, "काका, चारी बाजू चकाचक केल्या हायेत. एक पान ठेवलं न्हाय." मी त्याच्यावर खेकसलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

आत गेलो तर तिने विचारलं, "नवी पानं आली का हो?"

"आली," मी म्हणालो.

मग रोज तिचं विचारणं आणि माझं थोडं थोडं वाढवून सांगणं. जन्मात कधी नीट पाहिलं नव्हतं ते आता रंगवून सांगत होतो. ती डोळे मिटून ऐकायची. एके सकाळी म्हणाली, "एखादं पान आणा ना. बघेन तरी."

मी रिक्षाने अलिबाग गाठलं. रोपवाटिकेतून नेच्याची कुंडी आणली आणि त्यातलं एक पान खुडून तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"ह्याचा देठ हिरवा आहे," ती म्हणाली. "सगळं खरवडलं ना?"

"विसरलो गं."

"मुळं आत असतात, येईल ते परत. पण इतके दिवस मला फसवत होतात?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर विहिरीचं नाव काढलं नाही. मला माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू करत राहिलो आणि पाडव्याच्या आधीच ती गेली.

चैत्र सरत आला तेव्हा पंप पाणी ओढेना, म्हणून विहिरीत डोकावलो. पूर्वेच्या सांध्यांतून काळे देठ बाहेर आले होते, टोकाला कोवळी पानं. मला आनंद झाला नाही, संताप आला. महिनाभर आधी यायला काय धाड भरली होती! काठावर बसून खूप रडलो. मग घरात गेलो. तिची खाट केव्हाच उचलून ठेवली होती. तरी त्या खोलीच्या दारात उभा राहून मी म्हणालो, "आली गं. खरंच आली."