पाहुण्यांना दिलेले पांढरे शर्ट

कोणीतरी हे मुद्दाम पसरवून ठेवलंय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुवेतच्या पोरांना फुटबॉलचं काही पडलेलं नाही, त्यांना एसी, मोबाईल आणि मोठी गाडी मिळाली की झालं, असं जो तो छातीठोकपणे सांगतो. ज्याने कोणी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं, त्याला ऑगस्टमधल्या संध्याकाळी आमच्या मैदानाच्या कडेला नुसतं उभं करा. पळू नकोस म्हणावं, फक्त उभा राहा. ही पोरं तिथे पळतात.

मी कुवेतच्या सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाचा व्हिडिओ ॲनालिस्ट आहे. म्हणजे सामने आणि सराव शूट करायचे, रात्री बसून त्यांचे तुकडे पाडायचे, आणि सकाळी पोरांना दाखवायचं की बघा, इथे तुम्ही झोपला होतात. क्लिप्स जुन्या झाल्या की डिलीट करतो, जागा मोकळी होते. किश्शांचं तसं होत नाही. ते साचतच जातात, आणि एक सांगायला घेतला की मागचे चार दार ढकलून आत येतात.

एवढं फक्त आधी सांगून ठेवतो. आमचा संघ गेली कित्येक वर्षं आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीतच बाद होत होता. या वेळी आमच्या गटाचे सामने कुवेतमध्येच होते. पुढे जायची याहून चांगली संधी मिळणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे खालचं जे काही आहे, ते सगळं घामेजलेल्या, धास्तावलेल्या माणसांचं आहे.

*

माझा पहिला दिवस. टीम मॅनेजर अबू नासिर हे भारदस्त गृहस्थ. अंगात पांढराशुभ्र दिशदाशा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, हातात जपमाळ. त्यांनी माझी सगळ्यांना ओळख करून दिली, “हा मुहंदिस.” म्हणजे इंजिनियर. मला बरं वाटलं. पुण्यात चार वर्षं घासून मिळवलेल्या डिग्रीचं इतक्या वर्षांत कोणीतरी नाव काढलं.

मग त्यांनी मला हाताला धरून ड्रेसिंग रूममध्ये नेलं आणि बंद पडलेल्या एसीसमोर उभं केलं.

मी म्हटलं, मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे, एसीतलं मला काही कळत नाही. ते शांतपणे म्हणाले, “पण इंजिनियर आहेस ना?”

वैतागून मी एसीला खालून एक फटका दिला. तो सुरू झाला.

त्यानंतर मी डिफेन्सबद्दल काहीही बोललो तरी कोच ऐकून घेतात. या संघातली माझी सगळी पत त्या एका फटक्यावर उभी आहे.

*

कोच सर्बियाचे. शिस्त म्हणजे शिस्त. कॉर्नर किक आली की कोणी कुठे उभं राहायचं, हे त्यांनी पोरांकडून आठवडाभर घोटून घेतलं होतं. शेवटी त्याचीच परीक्षा म्हणून एका स्थानिक क्लबच्या पोरांशी सराव सामना ठेवला. मी कॅमेरा लावून तयार.

क्लबला कॉर्नर मिळाला. आमची पोरं जागच्या जागी अगदी खिळ्यांसारखी उभी. कोचच्या चेहऱ्यावर समाधान. आणि तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून आमच्या कॅप्टनचे, मिशारीचे आजोबा काठी टेकत आत आले.

इथल्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या रोजच्या बैठकीत, वडीलधारं माणूस आलं की सगळे उठतात आणि जाऊन भेटतात. पोरं त्यातच वाढलेली. आधी मिशारी गेला, आजोबांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याच्यामागे दोन्ही सेंटर बॅक. मग गोलकीपर बर्राक, हातमोजे काढून. मला वाटलं, निदान समोरच्या संघाचे फॉरवर्ड तरी याचा फायदा घेतील. ते बर्राकच्या मागे रांगेत उभे होते.

कॉर्नर घेणाऱ्या मुलाची फाटकाकडे पाठ होती, नजर चेंडूवर. त्याने किक मारली. मोकळ्या मैदानातून चेंडू वळत वळत रिकाम्या गोलमध्ये गेला.

आता हा गोल धरायचा की नाही? वाद सुरू झाला. शेवटी कोणीतरी आजोबांनाच विचारलं. ते काठीवर रेलून म्हणाले, “ऑफसाइड.”

कॉर्नरवरून थेट गेलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. पण हे त्यांना सांगणार कोण! गोल रद्द झाला.

*

त्याच आजोबांनी मग कोचना दिवाणियात बोलावलं. सोबत मी. इथली अरबी कॉफी छोट्या बिनकानाच्या कपात देतात, आणि पुरे झाली की कप हातात थोडा हलवून दाखवायचा असतो. नुसता परत केलात तर पुन्हा भरून मिळतो. मी लहानपणापासून इथेच वाढलो, त्यामुळे मला हे माहीत होतं. कोचना सांगायचं मात्र राहून गेलं. ते सभ्यपणे पीत राहिले. शेवटी त्यांच्या कपाळावर घाम आला तेव्हा मिशारीला दया आली आणि त्याने कप हलवून दाखवला.

कोच वैतागले नाहीत, उलट खूश झाले. आमची एक मोठी अडचण त्यांनी त्या कपात सोडवली. ही पोरं दमली तरी ‘मला बाहेर काढा’ असं कधीच म्हणत नाहीत, अपमान वाटतो. कोचनी नियम केला. दमलेल्याने तोंडाने काही बोलायचं नाही, कप हलवतात तसा हात हलवायचा. आणि बाकावरून कोचनी हात हलवला, तर तुझी कॉफी झाली, बाहेर ये.

पुढचाच मैत्रीपूर्ण सामना. कोचच्या मनगटातलं घड्याळ सैल होतं. वेळ बघायची म्हणून त्यांनी हात झटकला.

आमचा राइट बॅक चालू सामन्यात मान खाली घालून बाहेर चालायला लागला. रेफरी धावत आला, दुखापत झाली का विचारायला. पोरगा म्हणाला, “नाही, माझी कॉफी झाली.”

*

आम्ही कुवेतच्या एगैला भागात राहतो. एकदा मिशारी आणि बर्राकला काही क्लिप्स दाखवायच्या होत्या, म्हणून घरी बोलावलं. चूक माझीच, आईला आधी कळवलं.

आईने थालीपीठं लावली. सोबत लोणी, दही, लसणाची चटणी. बर्राकने दोन संपवली, तिने तिसरं वाढलं. वडीलधाऱ्या बाईने वाढलेलं नाकारायचं नाही, ही त्यांची रीत. समोरच्याचं पान रिकामं दिसलं की वाढायचं, ही आईची. दोन संस्कृती एकमेकींना भिडल्या आणि कोणीच माघार घेईना. आई मला म्हणाली, “अरे, किती गुणी मुलं आहेत. तू कधी एवढं खाल्लंस का?” बर्राक बिचारा माझ्याकडे बघत होता, आणि मी चटणीकडे.

दुसऱ्या दिवशी फिटनेस टेस्ट होती.

ड्रेसिंग रूमच्या फळ्यावर कोचनी निषिद्ध गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. कोल्ड्रिंक, शिशा म्हणजे हुक्का, रात्री मोबाईल. टेस्टचे निकाल आले त्या संध्याकाळी खाली चौथी ओळ वाढली होती. मुहंदिसची आई.

*

मग प्रत्यक्ष सामने सुरू झाले, आणि पहिलाच आम्ही एका गोलने हरलो. बर्राकच्या डावीकडून, जमिनीलगत, साधा फटका. माझं डोकं फिरलं होतं. एवढी तयारी, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न? सकाळच्या मीटिंगमध्ये मी तोच गोल स्क्रीनवर लावला, थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. मोठमोठ्याने बोलत होतो. पोरं माना खाली घालून बसलेली.

फक्त बर्राकची मान वर होती. पडद्यावर फटका बसला की तो खुर्चीत बसल्या बसल्या डावीकडे झुकायचा. दुसऱ्यांदा लावला, आणखी झुकला. तिसऱ्यांदा शेजारच्याच्या मांडीवर आडवा झाला. उठून कपडे नीट केले आणि गंभीरपणे मला म्हणाला, “पुन्हा लाव. या वेळी अडवतो.”

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मी लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या सामन्यात तसाच फटका आला. डावीकडून, जमिनीलगत. बर्राकने अडवला, आणि उठता उठता प्रेक्षकांत बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. तो सामना आम्ही जिंकलो.

*

आता उरला शेवटचा. बरोबरी केली तरी आम्ही पुढे, हरलो तर घरी. समोरच्या संघाला जिंकणं भागच होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी त्या संघाने हॉटेल बदललं. बॅगा नेणारी व्हॅन भलत्याच गोदामात गेली, गोदामाला कुलूप लागलं, आणि सामन्याच्या दुपारपर्यंत किल्लीवाला माणूस सापडेना. त्यांच्याकडे बूट होते, अंगावरचे ट्रॅकसूट होते. खेळायचे शर्ट मात्र एकही नाही. सामन्याचे अधिकारी म्हणाले, नंबर असलेले एकसारखे शर्ट वेळेत मिळाले नाहीत, तर सामना यजमानांना द्यावा लागेल.

यजमान म्हणजे आम्ही! न खेळता आम्ही पुढे गेलो असतो.

आमच्याकडे निळे शर्ट होते, आणि स्पर्धेत न वापरलेला पांढऱ्यांचा दुसरा सेट. नंबरसकट. अबू नासिर जपमाळ ओढत बसले. कोच खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता, त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. मी मात्र बोललो. म्हटलं, असं पुढे जायचं असेल तर मला कॅमेरा लावायचाच नाही. कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. कोचनी मिशारीला बोलावलं आणि म्हणाले, तू कॅप्टन आहेस, तूच सांग.

मिशारी सोळा वर्षांचा. त्याला विचार करायला वेळ लागला नाही.

“पाहुण्याला दारात उघडा उभा ठेवून जिंकलो, हे घरी कुणाला सांगू?”

अबू नासिर उठले आणि पांढऱ्या शर्टांची पेटी स्वतः उचलून पलीकडच्या ड्रेसिंग रूममध्ये घेऊन गेले. शर्टांवर आमचा बिल्ला होता. आमच्या फिजिओने त्यावर दुखापतीला लावायची पांढरी पट्टी चिकटवून दिली. त्यांच्या गोलकीपरला बर्राकने आपली जादाची जर्सी दिली. त्यात तो पोरगा तंबूत उभा असल्यासारखा दिसत होता.

सामना सुरू झाला. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. गेले सहा महिने सरावात बर्राकच्या बाजूचा संघ नेहमी पांढऱ्या शर्टात असायचा.

पहिल्या हाफमध्ये बर्राकने एक सुंदर क्रॉस झेपावून पकडला. मान वर केली, डावीकडे मोकळा उभा असलेला पांढरा शर्ट बघितला, आणि चेंडू अलगद त्याच्या पायाशी सरकवला. वर हात करून त्याला पुढे जायची खूण केली. त्या मुलाचाही क्षणभर विश्वास बसला नाही. मग त्याने गोल मारला.

आपणच दिलेल्या शर्टाने आपल्याला बाहेर काढलं, असं वाटलं. हाफटाइमला बर्राक बाकावर हातमोज्यांत तोंड लपवून बसला होता. मिशारी त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, “तू पाहुणचार जरा जास्त केलास. आता पुरे.”

दुसऱ्या हाफमध्ये पोरं जीव तोडून खेळली. घामाने समोरच्यांच्या पट्ट्या सुटायला लागल्या, एकेक करून आमचा बिल्ला उघडा पडत गेला, आणि मैदानावर बावीसच्या बावीस पोरं कुवेतची दिसायला लागली. सामना संपत आला तेव्हा आम्हाला कॉर्नर मिळाला. मिशारी दोघांच्या मधून उसळला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. बरोबरी! त्यानंतर त्यांनी शेवटचा हल्ला केला, चेंडू गोलच्या कोपऱ्यात चालला होता. बर्राकने बोटांच्या टोकांनी तो खांबावर ढकलला. शिट्टी वाजली.

आम्ही पुढे गेलो. आम्ही! कोच मैदानात गुडघ्यांवर बसले. अबू नासिरांची जपमाळ तुटून मणी गवतात सांडले आणि ते वेचायलाही कोणी वाकलं नाही. समोरची पोरं रडत होती. मिशारी प्रत्येकाला जाऊन भेटला, दिवाणियात शिरल्यावर भेटतात तसा, उजवीकडून सुरुवात करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळक्या शर्टांची दोन गाठोडी घेऊन मी जलीब या कामगारवस्तीत गेलो. तिथे बशीरचाचांची लाँड्री आहे. रत्नागिरीकडचे, फुटबॉलशी त्यांचा संबंध कपड्यांवरच्या डागांपुरता. त्यांनी दोन्ही गाठोडी सोडली. एकीकडे निळा ढीग, दुसरीकडे पांढरा. त्यांनी निळा शर्ट उचलून बघितला, मग पांढरा. अर्धवट सुटलेली पट्टी नखाने काढली.

“दोनीवर आपलंच निशान,” ते म्हणाले. “मग हरला कोण?”