विहीणबाईंची काकडी

रंगारीकाकांचा उभा जन्म लोकांची घरं रंगवण्यात गेला. काम सोडलं तरी सवय सुटली नाही. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरून हात फिरवायचे आणि मग माणसांची विचारपूस करायचे. स्वयंपाकघराशी मात्र त्यांचा संबंध जेवायला बसण्यापुरताच होता.

मेव्हणीचा पाय मोडला आणि काकू तिच्याकडे राहायला गेल्या, तेव्हा काकांवर चूल सांभाळायची वेळ आली. चार-आठ दिवस भात आणि अंडी जमल्यावर त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्यांनी थेट लेकीच्या सासूसासऱ्यांना जेवायला बोलावलं.

काकू फोनवर म्हणाल्या, "अहो, बाहेरून मागवा काहीतरी."

"कोंबडी भाजायला काय अक्कल लागते?" काका म्हणाले. हे वाक्य पुढे कितीतरी दिवस त्यांना ऐकवलं गेलं.

फ्रीजरमधल्या तंगड्या दगडासारख्या झाल्या होत्या. काकांनी त्या तशाच भाजी चिरायच्या फळीवर आपटून सुरीनं सुट्या केल्या, मसाला चोळला, मोठ्या आचेवर तव्यात टाकल्या. मग फळीवर फडकं फिरवून त्याच सुरीनं काकडी-टोमॅटोच्या चकत्या कापल्या. कारण विहीणबाई मांस खात नसत, आणि त्यांची आबाळ व्हायला नको.

तंगड्यांना रंग असा चढला की काका स्वतःच बघत राहिले. व्याही निवृत्त हेडमास्तर, अतिशय सभ्य माणूस. पहिल्याच घासाला हाडापाशी लालसर दिसलं, तर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि "रंग सुरेख आलाय" एवढंच म्हणाले. विहीणबाईंनी भात, डाळ आणि ताटभर काकडी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका पोट धरून दवाखान्यात गेले, तर बाकावर व्याही आणि विहीणबाई आधीच बसलेले. दोघांचे चेहरे चुना फासल्यासारखे. दवाखान्यात संडास एकच होता. काका आणि व्याही एकाच वेळी उठले आणि दारापाशी समोरासमोर आले.

"आधी तुम्ही," व्याही म्हणाले.

"छे छे, तुम्ही मुलाकडचे."

"पण वयानं तुम्ही मोठे."

हे चाललेलं असताना विहीणबाई दोघांच्या मधून आत गेल्या आणि कडी लावली.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना एकदमच आत घेतलं. काय खाल्लं, हा प्रश्न येताच काकांनी जणू वकीलपत्र घेतलं. "कोंबडीचा काही संबंध नाही, बाई. आमच्या विहीणबाईंनी तिला बोटही लावलं नाही, आणि सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच आहे."

"मग यांनी काय खाल्लं?"

"काकडी. त्यात काय असणार?"

"ती कापली कशावर?"

विहीणबाईंनी मान वळवून काकांकडे बघितलं. काका सांगतात, त्या नजरेपुढे पोटातली कळ काहीच नव्हती.

"कच्च्या कोंबडीत जंतू असतात," डॉक्टरीणबाई औषध लिहिता लिहिता म्हणाल्या. "आतपर्यंत नीट शिजली की ते मरतात. पण फळीवरचे काकडीला लागले, आणि काकडी कोण शिजवतं?"

"कोंबडीही कुठे शिजली होती," व्याही हळूच म्हणाले.

रात्री फोनवर काकूंना सगळं सांगताना काकांनी शक्य तितकं गाळलं, पण काकूंनी विचारून विचारून काढून घेतलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या रंगाऱ्यांना नावं ठेवता ना, आतली भिंत ओली आणि वरून हात मारला म्हणून? मग स्वतः काय केलंत?"

हे मात्र काकांना लागलं. पोट बरं झाल्यावर ते बाजारात गेले आणि मांसात टोचायचा थर्मामीटर घेऊन आले. दोन नव्या फळ्या आणल्या. एकीची मूठ लाल रंगवली, ती मांसाची. दुसरीची हिरवी, ती भाज्यांची. रंगाचे दोन हात दिले, शिवाय वर पॉलिश. मग व्याह्यांना पुन्हा बोलावलं. व्याह्यांना त्या आठवड्यात अचानक बरीच कामं निघाली. शेवटी लेकीनं मध्यस्थी केली.

या खेपेला कोंबडी आदल्या दिवसापासून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवून तिचा बर्फ सोडवला होता. काकांनी आच मंद ठेवली. हाडाला न टेकवता प्रत्येक तंगडीत थर्मामीटरचा काटा खुपसून आकडा मोठ्यानं वाचला. पंचाहत्तर अंश झाल्याशिवाय एकही तंगडी ताटात आली नाही. एक त्र्याहत्तरवर अडली, तेव्हा सगळी पंगत तिच्यासाठी ताटकळली. त्या भरात काकांनी भातातही काटा खुपसला, आणि पाण्याच्या तांब्यात घालणार तेवढ्यात लेकीनं तो काढून घेतला.

जेवण मात्र झकास झालं. व्याह्यांनी चष्मा लावूनच खाल्लं आणि दुसरी तंगडी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी त्यांनी व्याह्यांकडे फोन केला, पोट कसं आहे म्हणून. दुपारी केला. संध्याकाळी पुन्हा केला, तेव्हा विहीणबाईंनी उचलला.

"पोटं उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "पण आता फोन केलात, तर डोकं दुखेल."

काकांनी फोन ठेवला आणि निवांतपणे फ्रीजमधल्या उरलेल्या तंगड्या गरम करायला घेतल्या. चांगल्या वाफा येईपर्यंत.