शवपेटीतली सित्स्के

आमच्या हार्लिंगन बंदरात सित्स्केला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. चाळीस वर्षं तिनं धक्क्यावर धुरी दिलेली वाम विकली. गिऱ्हाईक कितीही तिरसट असो, ती सरळ करायची. घरात मात्र तिचं काही चालेना. मुलगा वीबे आणि मुलगी हिल्के अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गोठलेल्या कालव्यांवरच्या दोनशे किलोमीटरच्या स्केटिंग शर्यतीत बापाला पदक म्हणून मिळालेला क्रॉस त्याच्या अंत्यविधीनंतर सापडेना, आणि दोघांनी एकमेकांना चोर ठरवून टाकलं.

गेल्या सप्टेंबरात गावात सिनेमावाले आले. आईच्या शवपेटीशेजारी भांडणाऱ्या भावंडांची गोष्ट. मढं म्हणून कुणी म्हातारी हवी होती.

"उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, वर जेवण? येते की!" सित्स्के म्हणाली.

मीही शोक करणाऱ्या बायकांत होते. सित्स्के तोंडाला पावडर फासून पेटीत आडवी झाली, दिवे लावणं चाललं होतं, तेवढ्यात तिला घरी न्यायला हिल्के आली. दुसऱ्या दारानं वीबे.

"तूच आईला या कामासाठी हो म्हणालास ना?"

"मी? बाबांचा क्रॉस लाटलास, आता आईलाही पेटीत घातलंस!"

"क्रॉस तुझ्याच कपाटात आहे!"

"चल, उघडून दाखवतो कपाट!"

खरे नट कॉफीचे कप धरून ऐकत राहिले.

"क्रॉस तुमच्या बापाच्या कोटाच्या खिशात आहे," पेटीतून आवाज आला. सित्स्के उठून बसली. "मीच ठेवला. त्याच्यासोबत पुरला."

"आणि अकरा वर्षं गप्प बसलीस?" वीबे किंचाळला.

"तुम्ही एकमेकांवर ओरडत होतात. मला कुणी विचारलं?"

दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "आजी, पावडर निघतेय. आडव्या होता का?"

भावंडं एकाच गाडीतून गेली, आईच्या नावानं बोटं मोडत. मग तीन आठवडे तिच्याशी अबोला, आपसात मात्र रोज फोन. सित्स्केला ते फार लागलं.

"सांगायला हवं होतं गं," ती मला म्हणाली. "पण क्रॉस त्याचा होता. यांनी तो खेचाखेचीत तोडला असता."

चौथ्या रविवारी दोघं मिळून तिच्याशी भांडायला आली. दोन तास भांडली, अख्खा साखरपाव संपवला आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून गेली.

सिनेमात सित्स्के जेमतेम चार सेकंद दिसते. नाकावर माशी बसली तरी आपण हललो नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.