मुरलीधर ढोबळेंची तलवार

मुरलीधर ढोबळे जबलपूरजवळ खमरियाच्या फॅक्टरीत फिटर होते. पोलिओने लहानपणीच पाय गेले, पण दंड असे की हात मिळवणारा नंतर गुपचूप बोटं चोळायचा. शर्यतीच्या तीनचाकी खुर्चीत वाकून ते पहाटे अधारतालच्या रस्त्याने सुसाट सुटत. मागे कुत्री लागत. हीच आपली कोच, असं ते सांगत. वर्षानुवर्षं राज्य स्पर्धांतून त्यांनी पदकं आणली. क्वार्टर्समधल्या शेजाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही.

पन्नाशी उलटली आणि डावा खांदा गेला. डॉक्टरांनी शर्यत बंद केली. ढोबळे संध्याकाळी घरी बसू लागले आणि शिजत्या भाजीचं मीठ तपासू लागले. बायको, जयाबाई, वैतागल्या. स्टेडियममध्ये विभावरी नावाची मुलगी व्हीलचेअरवरची तलवारबाजी शिकवते, असं त्यांनी पेपरात वाचलं. एकाच हाताचा खेळ. त्यांनी नवऱ्याला तिकडे धाडलं.

विभावरीने पहिल्याच दिवशी त्यांची खुर्ची लोखंडी चौकटीत आवळून टाकली. या खेळात पळायचं कधी, असं ढोबळेंनी विचारलं. पळायचंच नाही काका, ती म्हणाली. समोरच्याचीही खुर्ची जखडलेली, दोघांनी बसल्याजागी एकमेकांना टोचायचं. तिने इशारा केला. सवयीने ढोबळेंचे दोन्ही हात चाकांवर गेले, तलवार खाली पडली, आणि समोरच्याने त्यांना अगदी सावकाश, जवळजवळ आदराने टोचलं. महिनाभर हेच चाललं.

घरी सरावाला कोणी नव्हतं. जयाबाईंनी कपडे वाळत घालायची काठी घेतली, टोकाला मोजा बांधला आणि स्टूल ओढून समोर बसल्या. त्यांची पद्धत न्यारी होती. वार करण्याआधी त्या काहीतरी विचारत. गॅसचा नंबर लावला का? ढोबळे आठवू लागले की काठी पोटात.

"असं खेळतात का कोणी?" ढोबळे कळवळले.

"मग तुम्ही काहून विचार करून राहिले? समोर पाहा न."

हळूहळू ढोबळेंनी उत्तरं देणंच सोडलं. घरात दूध नासलं, पाहुणे स्टेशनवर ताटकळले, पण नजर काठीवरून हटेना.

दोन वर्षांनी भोपाळला स्पर्धा झाली. तिथली तरणी पोरं ओरडत, हूल देत, खांदे उडवत. ढोबळे ढिम्म बसत आणि नेमकं टोचत. असे ते फायनलला पोचले. गुण बरोबरीत आले, शेवटचा वार उरला. प्रेक्षकांत बसलेल्या जयाबाईंना राहवलं नाही.

"अहो, सांभाळा!"

"काय म्हणालीस?" असं म्हणत ढोबळेंनी मान वळवली, आणि बरगडीत टोक बसलं.

परतीच्या गाडीने इटारसी स्टेशन सोडलं. मग जयाबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं माझं ऐकलं नाही. आजच काहून ऐकलं?"

ढोबळे यावरही विचार करू लागले, आणि जयाबाईंना हसू आवरेना. रौप्यपदक त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातलं होतं. ते उतरवायला त्या जबलपूर येईपर्यंत तयार नव्हत्या.

खमरियात मात्र वारा फिरला. तलवारीची बातमी पसरली आणि ज्यांनी शर्यतीचं एकही पदक पाहिलं नव्हतं, ते रस्त्यात थांबून "नमस्ते उस्ताद" म्हणू लागले. त्या तलवारीने काकडीसुद्धा कापली जात नाही, हे ढोबळेंनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.