मॅडमचा चहा

कोरोनात शाळा फोनवर आली, तेव्हा आम्ही अकोल्यात राहत होतो. मुलीच्या मॅडम दर शनिवारी व्हिडिओ कॉल करून विचारायच्या, "काही अडचण?" मी घाईतच सांगायचे, "काही नाही, सगळं छान चाललंय."

एका शनिवारी सासऱ्यांनी फोनसमोर चहाचा कप आणून ठेवला. "मास्तरीनबाई घरी आल्या अन् चहा नाई?"

मी चिडले. "बाबा, त्या फोनात आहेत!"

मॅडम मात्र "थांबा, आलेच," म्हणत उठल्या आणि कप घेऊन परतल्या. "घ्या बाबा. आता बोला."

घोट घेऊन बाबा सरळ म्हणाले, "पोरीले भागाकार येत नाई. कॅमेरा बंद करून रडते."

हे मलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मॅडम तिला एकटीला फोन करून भागाकार शिकवू लागल्या, तो जमेपर्यंत. इतकं ऐकून घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पुढे प्रत्येक शनिवारी त्या कप हातात घेऊनच बसत आणि बाबा मोकळेपणानं बोलत.

शाळा उघडल्यावर मॅडम खरोखर घरी आल्या. बाबांनी चहा पुढे केला, तशा त्या ओशाळल्या.

"बाबा, मी चहा पीत नाही."

"मंग तवा कपात काय राहे?"

"पाणी."