पाणीच होतं, भाऊ

बालाघाटात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं की स्क्रू हरवत जातात आणि किस्से जमत जातात. माझे बहुतेक किस्से भिजलेल्या कीबोर्डचे, आणि सगळे एकाच वाक्यानं सुरू होतात: "पाणी पडलं, भाऊ."

साधं पाणी असेल तर वाळवून भागतं. गोड काही असेल तर आधी धुवावं लागतं, नाहीतर बटणं चिकटतात. म्हणून मी विचारतो. पण भ्यालेला माणूस खरं सांगत नाही.

*

एका ऑफिसातले बाबू कीबोर्ड पिशवीत लपवून घेऊन आले. "पाणीच होतं." काउंटरवर ठेवला, तर स्पेसबारखालून मुंग्यांची रांग निघाली.

बाबू घामाघूम झाले. "साहेबाले सांगू नका हो. त्यायच्याच कपातला चहा होता!"

*

हट्टा गावच्या एका काकांनी मुलाचा ओला लॅपटॉप धानाच्या पोत्यात पुरून ठेवला. मोबाईल तांदळात ठेवतात, हे त्यांनी ऐकलं होतं. मी लॅपटॉप उलटा केला तर टेबलभर धान आणि तूस.

"काका, काहून पुरला?"

"पोरगा संध्याकाळी येऊन राह्यला," ते म्हणाले. पोराला इतका भिणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता.

*

मलाजखंडचा एक इंजिनिअर ओल्या लॅपटॉपचं बटण दर दहा मिनिटांनी दाबून बघत होता. ओला असताना चालू केला की बोर्ड जळतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मग दाबलं काहून?"

"देख रहा था भैया, ज़िंदा है कि नहीं."

त्या बघण्यातच लॅपटॉप गेला.

*

आता माझा किस्सा. परसवाड्याच्या शाळेतल्या मेश्राम मॅडम लॅपटॉप छातीशी धरून आल्या. आत सगळ्या शाळेच्या निकालाची फाईल, दुसरी कॉपी कुठेच नाही, आणि सोमवारी ती जमा करायची होती.

"पाणी पडलं, भाऊ."

मी कीबोर्ड हुंगला. "मॅडम, खरं सांगा. नाहीतर फाईल जाईल."

त्यांचा चेहरा उतरला. "चहा होता. मले लाज वाटली."

धुतला, वाळवला, दुसऱ्या दिवशी चालू केला. फाईल दिसली. ती उतरवून घ्यायला पेन ड्राइव्ह शोधत वळलो, आणि कोपराचा धक्का माझ्याच चहाला लागला.

बॅटरी काढली, पुन्हा सगळं धुतलं आणि रविवारभर पंख्यासमोर बसून राहिलो. बटण दाबायची हिंमत होईना आणि दाबल्याशिवाय राहवेना. तो इंजिनिअर मला तेव्हा कळला.

सोमवारी सकाळी मॅडम दारात दिसल्या तेव्हा दाबलं. चालू झाला. फाईलही होती.

मॅडमनी एकेक बटण दाबून पाहिलं, फाईल उघडून पाहिली, मग लॅपटॉप बंद करून उलटा केला. काउंटरवर अद्रकाचा बारीकसा तुकडा पडला.

त्यांनी तो चिमटीत उचलून हुंगला.

"आमच्या घरी चहात अद्रक नाही टाकत, भाऊ," त्या म्हणाल्या. "काय सांडलं होतं?"

"पाणी," मी म्हटलं.